तिचा वाढदिवस, तिची ऑर्डर

लातूरचा औसा रोड असो की नांदेडचा व्हीआयपी रोड, रात्री साडेआठनंतर फॅमिली रेस्टॉरंटात एखादं तरी टेबल वाढदिवसाचं असतंच. बेकरीच्या खोक्यातला एगलेस केक, दोन मुलं, आजी आणि मधोमध पदर सावरत बसलेली उत्सवमूर्ती. वेटर येतो आणि मेनूकार्ड ठेवतो ते नवऱ्यासमोर. ‘सर, ऑर्डर?’ नवरा कार्डावर नजर फिरवतो, ‘पनीर टिक्का चालेल ना?’ असं विचारतो आणि उत्तर यायच्या आत तंदूर रोट्यांचा आकडा सांगून मोकळा होतो. बायकोच्या वाढदिवसाला बाहेर जेवायला जायची प्रथा या दोन्ही शहरांत आता चांगलीच रुजली आहे आणि तिला नावं ठेवणारेही कमी नाहीत. कुणाला ती नक्कल वाटते, कुणाला उधळपट्टी. जेवणासोबत वाइनचा ग्लास आला तर मग बोलायलाच नको. ही प्रथा चांगली आहे, असं माझं म्हणणं आहे. पण तिचं चांगलेपण केकवर, दिव्यांच्या माळेवर किंवा बाटलीच्या किमतीवर अवलंबून नाही. त्या दिवशी तिला ओट्यापुढे उभं राहावं लागत नाही आणि काय खायचं-प्यायचं ते तिला ठरवता येतं, एवढ्या दोनच गोष्टींवर ते टिकून आहे. या दोन गोष्टी साधल्या तर साधं डोसा-उत्तप्प्याचं हॉटेलही पुरतं. नाही साधल्या तर बिल कितीही आलं, तरी तो वाढदिवस तिच्या नावाने नवऱ्यानेच साजरा केलेला असतो.

मुळात बायकोचा वाढदिवस ही गोष्टच मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांत नवी आहे. जन्म-मृत्यू नोंदणीचा केंद्रीय कायदा १९६९ चा. कायदा आला तरी घरातच जन्मलेल्या लेकराची नोंद करायला ग्रामपंचायतीत जायची सवय लागायला पुढे कितीतरी वर्षं गेली. शाळेत नाव घालायच्या दिवशी गुरुजींनी अंदाजाने टाकलेली तारीख हीच जन्मतारीख. शाळा जूनमध्ये सुरू होणार, वयाची अट बसायला हवी, म्हणून सर्रास १ जून. आजही महाराष्ट्रात १ जूनला अख्ख्या गावाचा वाढदिवस असतो आणि त्यावरचे तेच ते विनोद दरवर्षी मोबाइलवर फिरतात. एरवी वय सांगायचं तर रझाकाराच्या धामधुमीवरून, बहात्तरच्या दुष्काळावरून, नाहीतर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपावरून. ‘भूकंपाच्या वेळी ही पाळण्यात होती’ एवढी नोंद लेकीसाठी पुरेशी मानली जाई. जिची तारीखच कुणी लिहून ठेवली नाही, तिचा वाढदिवस कोण आणि कधी करणार? शिवाय १ जून म्हणजे पेरणीच्या तोंडावरचे दिवस, घरातला पैसा बी-खतात गुंतलेला. म्हणून आधार कार्डावर १ जून असलेल्या बायकोची खरी तारीख किंवा निदान तिथी तिच्या आईकडून, मावशीकडून शोधून काढणं, ही या साजरेपणाची पहिली पायरी आहे. तिला फक्त एक फोन लागतो.

परंपरेने बाईला सण भरपूर दिले, पण त्यांचा रोख बहुतेक वेळा दुसऱ्याच्या आयुष्याकडे राहिला. वटपौर्णिमेला उपवास नवऱ्यासाठी, दिवाळीच्या पाडव्याला ओवाळायचं नवऱ्याला, भाऊबीजेला भावाला. ओवाळणी मिळते हे खरं; तरी ताम्हण तिच्या हातात आणि पाटावर दुसराच कोणी. ‘तुला काय खावंसं वाटतं?’ हा प्रश्न सासरच्या घरात तिला रीतसर विचारला जायचा तो एकाच काळात, डोहाळे लागल्यावर. डोहाळजेवणात तिच्या आवडीचे पदार्थ होतात, झोपाळा सजतो, सगळं घर तिच्याभोवती फिरतं. पण तिथेही समजूत अशी, की मागणं पोटातल्या बाळाचं आहे, आई केवळ त्याची निरोप्या. बाळंतपण उरकलं की तो प्रश्नही संपला. पुढची चाळीस वर्षं तीच सगळ्यांना विचारत राहते: भाजी कोणती करू, चपात्या किती टाकू, तिखट चालेल ना? वाढदिवसाच्या जेवणाकडे या बाजूने पाहिलं तर ते परकं वाटत नाही. डोहाळजेवणातली जी सर्वांत मायेची गोष्ट आहे, ती गरोदरपणाची अट काढून टाकून दरवर्षी करायची, एवढंच त्यात नवं आहे. औक्षण सोडायचीही गरज नाही. सकाळी सासूबाईंनी निरांजनाने ओवाळायचं आणि रात्री केक कापायचा, असा तोडगा बहुतेक घरांनी केव्हाच काढला आहे. मेणबत्ती विझवणं अशुभ वाटत असेल तर ती लावू नये. त्यावाचून केक अडत नाही.

‘बायकामाणसांनी हॉटेलात जाऊन खाणं आपल्यात नव्हतं’ हा आक्षेप खरा आहे, पण अर्धाच. बाहेर खाणं-पिणं एके काळी पुरुषांनाही सोपं नव्हतं. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्यावरून केवढं वादळ उठलं आणि त्यात टिळक-रानड्यांसारख्यांनाही कसं ओढलं गेलं, प्रायश्चित्तापर्यंत गोष्ट कशी गेली, हे मराठी वाचकाला ठाऊक आहे. ते सोवळं पुरुषांपुरतं लवकर सुटलं. गावोगावी खानावळी निघाल्या, हैदराबाद संस्थानात इराणी चहाची हॉटेलं आली, नांदेडकडे बिर्याणीची चव आली. या सगळ्या जागा पुरुषांनी भरल्या. बाई हॉटेलात गेलीच तर ‘फॅमिली रूम’ अशी पाटी लावलेल्या पडद्याआडच्या खोलीत बसायची. म्हणजे आपल्यात नव्हतं असं जे आपण म्हणतो, ते बाहेर खाण्याबद्दल नसून बाईने बाहेर खाण्याबद्दल आहे. घरातही पंगत आधी पुरुषांची, मग मुलांची, मागून उरल्यासुरल्यात बायकांची. नवरा-बायकोने चार लोकांसमोर शेजारी बसून एकत्र जेवायचा प्रसंग आयुष्यात येई तो लग्नाच्या पंक्तीत, उखाणा घेऊन घास भरवण्यापुरता. तो प्रसंग वर्षाला एकदा पुन्हा येत असेल तर त्यात बिघडलं कुठे?

बाहेर जाऊन जेवणं ही कल्पनाही या भागाला नवी नाही. मार्गशीर्षातली वेळ अमावस्या हा लातूर-धाराशिवकडचा आणि नांदेडच्या काही भागातला मोठा सण. त्या दिवशी शहरं ओस पडतात आणि सगळे शेतात जातात. भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, आग्रहाने बोलावलेले सोयरे-मित्र. जेवणाचा असा थाट वर्षात दुसरा नसतो. पण या वनभोजनाची तयारी दोन दिवस आधी घरात सुरू होते. भाज्या निवडणं, डाळी-दाणे भिजवणं, आंबिलीचं पीठ आंबवणं, पहाटे उठून उंडे करणं हे सगळं बायकांच्या अंगावर, आणि शेतातही वाढणाऱ्या त्याच. जागा बदलली, काम तिथेच राहिलं. दुसरा नमुना नांदेडलाच आहे. गुरू गोविंदसिंगांच्या अखेरच्या वास्तव्याने पावन झालेल्या सचखंड हजूर साहिबच्या लंगरमध्ये कुणालाही जेवता येतं, पंगतीला उच्च-नीच नाही, आणि रोट्या लाटण्यापासून भांडी घासण्यापर्यंतच्या सेवेत दाढीवाले बापे बायकांच्या बरोबरीने बसलेले दिसतात. तिथे आलेली बाई कुणाच्याही मागे उरत नाही. पंगतीत बसते, जेवते, उठते. बाहेरचं जेवण कोणत्या अटीवर बाईसाठी खरोखर सुटीचं ठरतं, हे या दोन नमुन्यांवरून कळतं: ती रांधणार नाही, वाढणार नाही आणि इतरांबरोबरच जेवायला बसेल.

यावर सर्वांत प्रेमळ आक्षेप असतो तो घरच्या अन्नाचा. ‘हॉटेलच्या लालभडक ग्रेव्हीपेक्षा घरची पुरणपोळी काय वाईट?’ पुरणपोळी उत्तमच, प्रश्न ती कोण लाटणार हा आहे. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीनुसार घरकाम करणारी बाई दिवसाला सरासरी २८९ मिनिटं विनामोबदला घरकामात घालवते. जे पुरुष असं काम करतात, त्यांची ८८ मिनिटं होतात. मुलं, म्हातारी माणसं यांचं पाहणं याहून वेगळं. म्हणजे रोजचे पावणेपाच तास, तेही रविवार किंवा सणाची सुटी न धरता. उलट सणाला ते वाढतात. लातूर-नांदेडमध्ये आज शिक्षिका, परिचारिका, बँकेतल्या कर्मचारी, दुकान सांभाळणाऱ्या अशा बायकांची संख्या मोठी आहे, आणि त्यांना हे तास नोकरीच्या आधी आणि नंतर काढावे लागतात. वाढदिवसाला ‘घरीच काहीतरी मस्त कर’ असं तिला सांगणं म्हणजे भेट म्हणून तिला जादा पाळी देणं. घरच्या अन्नाचा आग्रह धरणाऱ्याने त्या दिवशी पुरण स्वतः वाटावं. मग हॉटेलविरुद्धचा त्याचा मुद्दा मान्य करता येईल. ते जमत नसेल, आणि बहुतेक घरांत ते जमत नाही, तर रेस्टॉरंटचं बिल ही चैन नसून तिच्या सुटीची किंमत आहे.

पण किंमत म्हटली की दुसरा आक्षेप येतो, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. हा सोयाबीन-तुरीवर चालणारा मुलूख आहे. एका पावसाने वर्षाचं गणित कोलमडतं. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, हे कुणी विसरलेलं नाही. अशा भागात हॉटेलच्या जेवणाचं कौतुक कशाला? त्याला उत्तर असं, की बाहेरच्या खाण्यावर पैसा आधीच जातो आहे. २०२३-२४ च्या घरगुती खर्चाच्या राष्ट्रीय पाहणीत शहरी कुटुंबाच्या एकूण खर्चातला ११ टक्क्यांहून अधिक आणि ग्रामीण कुटुंबाच्या खर्चातला जवळपास १० टक्के भाग चहा-पेयं, तयार खाणं आणि प्रक्रिया केलेल्या पदार्थांवर गेलेला दिसतो. धान्य, दूध, भाजी यांतल्या कुठल्याही एका गोष्टीपेक्षा हा वाटा मोठा आहे. पाहणी घराचा खर्च मोजते, घरातलं कोण खातं हे मोजत नाही. पण संध्याकाळच्या टपऱ्या आणि हायवेवरचे ढाबे पाहिले तर अंदाज बांधायला फार बुद्धी लागत नाही. आणि उधळपट्टीबद्दल बोलायचंच तर चौकात लागलेले वाढदिवसाचे फ्लेक्स पाहावेत. भावी नगरसेवकाचा, भाऊंचा, दादांचा वाढदिवस भर रस्त्यात होतो, फटाके उडतात, जेसीबीतून फुलं उधळली जातात. महाराष्ट्रात तलवारीने केक कापल्याबद्दल गुन्हेसुद्धा दाखल झाले आहेत. त्याला कुणी पाश्चात्त्य म्हणत नाही. चार माणसांच्या टेबलावर मात्र संस्कृतीची आठवण होते. कर्ज काढून कुठलाच वाढदिवस करू नये, हे दोघांनाही लागू आहे. ऐपतीप्रमाणे निलंगा राइसची प्लेट असेल किंवा बागेतल्या रेस्टॉरंटातलं साग्रसंगीत जेवण. सुटी दोन्हीकडे सारखीच मिळते.

मिळते, असं म्हटलं खरं. पण टेबलावर बारकाईने पाहिलं की तिचीही खात्री देता येत नाही. बाईच्या हातात मेनूकार्ड आलंच तर तिची नजर आधी उजव्या बाजूला, दरांवर जाते. मग ती बोट डावीकडे आणते आणि सर्वांत स्वस्त भाजीवर थांबवते, किंवा कार्ड मिटून ‘तुम्ही घ्याल ते’ म्हणते. जेवण आलं की ती धाकट्याची रोटी कुस्करते, सासूबाईंसाठी तिखट नसलेली वाटी शोधते, नवऱ्याच्या ताटात भात संपला का ते पाहते आणि स्वतःची रोटी गार झाल्यावर खाते. सवय इतकी मुरलेली असते की तिला स्वतःलाही त्यात काही वावगं दिसत नाही. म्हणून हॉटेलात नेलं की काम झालं, असं समजणाऱ्या नवऱ्याचं निम्मं काम बाकीच असतं. मुलाला भरवायचं त्याने, आईची वाटी पाहायची त्याने, आणि वेटरला पहिल्याच वाक्यात सांगायचं, ‘ऑर्डर मॅडम देतील.’ तिची आवड काय, हे अनेक घरांत खरोखरच कुणाला माहीत नसतं. या भागात लिंगायत, जैन, मारवाडी, वारकरी अशी शाकाहारी घरं पुष्कळ आहेत. मांसाहारी घरांतही गुरुवार-शनिवार, श्रावण, एकादशी पाळल्या जातात. कुठे मटणाची भांडी वेगळी, कुठे चूलच वेगळी. घरच्या स्वयंपाकात हे सगळं सांभाळून तिची स्वतःची आवड शेवटी येते. हॉटेलात मात्र एकाच टेबलावर तिला दम बिर्याणी, सासूबाईंना दहीभात आणि मुलांना नूडल्स मिळू शकतात, आणि कुणाच्या आवडीसाठी कुणाला पदर खोचावा लागत नाही. घरी हे शक्य नसतं, म्हणून तर बाहेर जायचं.

आता वाइनकडे वळू, कारण खरी अडचण तिथे आहे. मराठवाड्यातल्या बाईचा दारूशी जो परिचय आहे, तो ग्लासातून नाही. पगार, उसाच्या उचलीचे पैसे, रात्रीची मारहाण, या वाटेने तो झालेला आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या १५ वर्षांवरील पुरुषांपैकी साधारण १९ टक्के मद्य घेतात असं आढळलं, स्त्रियांमध्ये १.३ टक्के, महाराष्ट्रात तर स्त्रियांचं प्रमाण एक टक्क्याच्याही आत आहे. नवरा वरचेवर दारूच्या नशेत असतो अशा घरांत छळ सोसणाऱ्या बायकांचं प्रमाण, न पिणाऱ्या नवऱ्यांच्या घरांच्या तुलनेत तिपटीच्या आसपास निघालं. पीत नाही ती, पण भोगते ती. महाराष्ट्रात दारूचं दुकान बंद करायला मतदान घेता येतं, आणि त्यात ‘आडव्या बाटली’वर शिक्का मारायला बायका रांगा लावतात, त्यामागे हा अनुभव आहे. अशा गावातून शहरात आलेल्या बाईसमोर तिच्या वाढदिवसाला नवऱ्याने बाटली ठेवली, तर तिला आनंद होण्याऐवजी धडकी भरली तर नवल नाही. या आक्षेपाला ‘जुनाट विचार’ म्हणून उडवून लावणाऱ्याला आपल्या भागाची माहिती नाही, असंच म्हणावं लागेल.

दुसऱ्या बाजूला, वाइन ही आपल्या राज्याचीच वस्तू आहे. नारायणगावला शामराव चौगुले यांनी ऐंशीच्या दशकात स्पार्कलिंग वाइन बनवून परदेशी पाठवली. १९९९ मध्ये राजीव सामंत यांनी नाशिकला सुला सुरू केली. २००१ मध्ये राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं आणि विंचूर व पलूस इथे वाइन पार्क उभे राहिले. इथल्या बागायतदाराने युरोपची वेल आपल्या हवामानाला वाकवली. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, पावसाळा सरता सरता फळछाटणी आणि जानेवारी ते मार्चमध्ये तोड. युरोपात तोड होते ती सप्टेंबर-ऑक्टोबरात. २७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं, तेव्हा एका बाजूने ‘वाइन म्हणजे दारू नव्हे’ असं सांगितलं गेलं आणि दुसऱ्या बाजूने ‘मद्यराष्ट्र’ अशी हेटाळणी झाली. अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला आणि निर्णय अंमलात आला नाही. गणित मात्र दोन्ही बाजूंपैकी कुणीच मांडलं नाही. १२ टक्के अल्कोहोलच्या वाइनचा १५० मिलिलिटरचा ग्लास घेतला तर पोटात १८ मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल जातं. ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीच्या ६० मिलिलिटरच्या पेगमधून सुमारे २६ मिलिलिटर. म्हणजे वाइन ही दारूच आहे. सावकाश, जेवणासोबत आणि एका ग्लासापुरती घेतली तर ती कमी जाते, इतकाच फरक. अख्खी ७५० मिलिलिटरची बाटली दोघांत संपवली तर प्रत्येकी ४५ मिलिलिटर होतं आणि तो फरकही उरत नाही. ‘रेड वाइन हृदयाला चांगली’ या जुन्या दिलाशावरही विसंबू नये. आरोग्याच्या दृष्टीने मद्याची कुठलीही मात्रा निर्धोक म्हणता येत नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केलं आहे. वाइन घ्यायची तर चवीसाठी, औषध म्हणून नव्हे.

आणि चवीसाठीच घ्यायची असेल तर थोडी माहिती हवी, नाहीतर महागडी बाटली आंबट तोंडाने संपवावी लागते. पांढऱ्या वाइनसाठी द्राक्षाचा रस साल काढून आंबवतात, लाल वाइनसाठी सालीसकट. लाल रंग आणि जिभेला ओढल्यासारखं करणारा तुरटपणा या सालीतून येतो. साखर जवळजवळ सगळी आंबून गेली की वाइन ‘ड्राय’ होते. पहिल्यांदा घेणाऱ्याला द्राक्षाच्या सरबताची अपेक्षा असते आणि घोट मात्र कोरडा लागतो. मिरचीची आग अल्कोहोलने आणि तुरटपणाने वाढते. त्यामुळे काळ्या मसाल्याचा किंवा येसराचा रस्सा आणि जडशी लाल वाइन हा जोड उभयतांना महाग पडतो. मराठवाडी तिखटासोबत थोडी गोडसर, हलकी, गार केलेली पांढरी वाइन, उदाहरणार्थ शेनिन ब्लांक, बरी जमते. कबाब, भाजलेलं मटण असेल तर लाल. लाल वाइन ‘रूम टेंपरेचर’ला प्यावी असं जे म्हणतात, ते युरोपातल्या थंड खोलीचं तापमान, १६ ते १८ अंश. लातूर-नांदेडच्या मे महिन्यात खोलीचं तापमान म्हणजे गरम काढा. तेव्हा लाल बाटलीही थोडा वेळ फ्रीजमध्ये ठेवायला सांगण्यात कमीपणा नाही. पांढरीला ८ ते १० अंश हवेत. ग्लासवर वाइन मागवली तर बाटली कधी फोडली ते विचारावं. दोन-तीन दिवस उघडी राहिलेली वाइन उतरते. वेटर आधी घोटभर ओततो ती वाइन बिघडलेली नाही ना, हे पाहण्यासाठी. तो घोट कुणासमोर ठेवायचा, याचं उत्तर वाढदिवस कुणाचा आहे यावरून ठरावं.

इथे आणखी एक स्थानिक अडचण आहे. आपल्याकडे दारू मिळते ती परमिट रूममध्ये, आणि कुटुंब जाऊन बसतं ते फॅमिली रेस्टॉरंटात. अनेक ठिकाणी एकाच मालकाची ही दोन दारं असतात: एक अंधारं, धुराचं, पुरुषांनी भरलेलं, दुसरं उजेडाचं. ज्या जागी वाइन मिळते तिथे बाईला बसावंसं वाटत नाही आणि जिथे तिला बसावंसं वाटतं तिथे वाइन नसते. मोठ्या हॉटेलांचा अपवाद सोडला तर या दोन शहरांत रेस्टॉरंटातलं जेवण आणि चांगली वाइन एकत्र मिळणं कठीणच. कायद्यानेही मद्य घ्यायला परवाना लागतो, आणि घेतलेल्याने गाडीला हात लावायचा नसतो. रक्तात १०० मिलिलिटरमागे ३० मिलिग्रॅम ही मर्यादा मोटारीइतकीच मोटारसायकललाही आहे. मग तिला वाइन नकोच असेल तर? तर प्रश्न संपला. मोसंबीचा रस, मठ्ठा, लिंबू सोडा यांनी वाढदिवस उणा होत नाही. पण ‘तू पण घे ना थोडी, आजकाल सगळ्या घेतात’ असा आग्रह हा तिच्या निवडीवरचा हात आहे. त्यात बऱ्याचदा नवऱ्याला स्वतःच्या पिण्याला सोबत आणि माफी हवी असते. याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. बँकेत अधिकारी असलेल्या, स्वतः कमावणाऱ्या चाळिशीच्या बाईला वाढदिवसाला एक ग्लास वाइन घ्यावीशी वाटली, तर तिच्याकडे तिरक्या नजरेने पाहणाऱ्या समाजाने त्याच रात्री परमिट रूममधून झोकांड्या खात बाहेर पडणाऱ्या पुरुषांकडेही तितक्याच कडक नजरेने पाहायला हवं. आडव्या बाटलीला मत देणं आणि आपल्या ग्लासात काय असावं हे ठरवणं, दोन्ही तिचेच अधिकार आहेत आणि त्यांत विसंगती नाही.

शेवटचा आक्षेप स्त्रीवादी मैत्रिणींकडून येतो आणि तो सर्वांत टोकदार आहे. ३६४ दिवस राबवायचं आणि एक दिवस हॉटेलात नेऊन हिशेब चुकता करायचा, ही लबाडी नाही का? असते, पुष्कळदा असते. पण म्हणून तो एक दिवस टाकून द्यावा असं मला वाटत नाही, कारण त्या दिवसाचा उपयोग नवऱ्याला जास्त आहे. एकदा मुलाला भरवत, आईची वाटी पाहत जेवून पाहिलं की रोज कोण किती करतं याचा अंदाज त्याला येतो. एकदा तिला नीट विचारलं की वीस वर्षांत आपण हे विचारलंच नव्हतं हेही कळतं. असा दिवस वर्षाला एक असण्याने रोजची २८९ मिनिटं कमी होत नाहीत, पण ती मोजायला तरी घरात सुरुवात होते. तिची आवड समजल्यावर आठवड्यातून एकदा ती भाजी घरात होते का आणि ती कोण करतो, यावरून त्या जेवणाचा खरा उपयोग ठरेल. शिक्षणासाठी लातूरच्या, नांदेडच्या मेसमध्ये राहिलेली मुलं आज नवरे झाली आहेत. डब्याला कंटाळून त्यांतल्या अनेकांनी खोलीवर स्टोव्ह पेटवला होता, अंडाभुर्जी केली होती. लग्न झाल्यावर ती विद्या कुठे जाते, हा संशोधनाचा विषय आहे. ती परत आली तर बायकोच्या वाढदिवसाला बाहेर जायचं की घरीच जेवायचं, हे तिला खऱ्या अर्थाने निवडता येईल. घरच्या पुरुषाला निदान धड पिठलं-भात करता येईपर्यंत मात्र हॉटेलाला पर्याय नाही.